ड्रोनची पदवी की भौतिकशास्त्र?

प्रश्न : मुलगा यंदा बारावी झाला, 81 टक्के मिळाले. त्याला भौतिकशास्त्रात बीएस्सी करायचं आहे. दिवसभर लेझर आणि भिंगं घेऊन बसलेला असतो. लष्कराने परदेशी सेन्सर घेणं बंद केल्याचं वाचलं, म्हणजे आता देशात याला मोठा स्कोप आहे. म्हणून एका खासगी विद्यापीठात ड्रोन टेक्नॉलॉजीच्या पदवीला मी त्याची जागा धरून ठेवली आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर अनुकूल आलं तर दाखवीन. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.
– एक वडील

उत्तर : नमस्कार. 81 टक्क्यांची मला काही काळजी वाटली नाही. ‘त्याला अजून सांगितलेलं नाही’ हे वाक्य मात्र दोनदा वाचलं. मुलाची पुढची चार वर्षं परस्पर ठरवायची आणि त्यावर शिक्का माझा घ्यायचा, हे मला जमणार नाही. उत्तर जरूर दाखवा, पण सोबत तुमचं पत्रही दाखवा. तो चिडेल, तर चिडू दे. तो ऐकत नाही अशी तुमची तक्रार आहे. पण त्याला हेच का शिकायचंय, हे तुम्ही कधी विचारल्याचं पत्रात कुठेही दिसत नाही. ‘बीएस्सी करून पुढे काय?’ ही तुमची धास्ती मी समजू शकतो. पण ती त्याच्याशी बोला.

आता त्या बातमीबद्दल. परदेशी सेन्सर सरसकट बंद झालेले नाहीत. ऑगस्ट 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाने 101 वस्तूंची आयात टप्प्याटप्प्याने थांबवायची यादी जाहीर केली, पुढे आणखी याद्या आल्या. त्याआधी जुलैमध्ये, भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या कंपन्यांना सरकारी निविदा भरण्यापूर्वी नोंदणी सक्तीची झाली. मुख्य धास्ती आहे ती आतल्या सुट्या भागांची. 2025 च्या सुरुवातीला लष्कराने 400 ड्रोनचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या, त्या चिनी भागांवरूनच. ते ड्रोन भारतीय कंपन्यांकडूनच घेतले जाणार होते! म्हणजे सांगाडा जोडणारे हात आपल्याकडे आहेत. अडतं ते प्रकाश टिपणारे डिटेक्टर, लेझर, चिप आणि त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर इथे. लायडार, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने अंतर मोजणारं उपकरण घ्या. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. जाऊन परत येण्याची वेळ मोजताना एवढीशी चूक झाली तरी अंतर 15 सेंटिमीटरने चुकतं. उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याच्या भिंगांना जर्मेनियम हे मूलद्रव्य लागतं आणि त्याच्या निर्यातीवर चीनने 2023 मध्ये परवान्याची अट घातली. निविदेतून परदेशी माल वगळला म्हणून हे ज्ञान आपोआप इथे उगवत नाही. ते ज्यांच्याकडे असतं ते भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेले असतात. तुमचा मुलगा ज्यात रमतो, तेच हे. ज्या बातमीच्या जोरावर तुम्ही त्याला भिंगांपासून उठवायला निघालात, ती त्याच्या बाजूची आहे.

पण त्यालाही एक स्पष्ट सांगतो : नुसत्या बीएस्सीवर थांबून भागणार नाही. एमएस्सी किंवा ऑप्टिक्समधलं (प्रकाशशास्त्रातलं) एमटेक धरूनच चालायचं. आयसर ही विज्ञान शिकवणारी केंद्रीय संस्था, इंजिनिअरिंगसाठी सीईटी, पुढे एमएस्सीसाठी जॅम आणि एमटेकसाठी गेट या प्रवेश परीक्षा, हे रस्ते तुम्हाला ठाऊक असतीलच. डेहराडूनची आयआरडीई आणि दिल्लीची एसएसपीएल या डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांत किंवा भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीत असं काम चालतं, पण तिथल्या जागा मोजक्या असतात आणि सरकारी धोरण चार वर्षांत कूस बदलू शकतं. त्यामुळे लष्कर हे एकमेव गिऱ्हाईक धरून करिअर आखू नका. हीच विद्या वैद्यकीय उपकरणांत, मोटारींत, दूरसंचारात चालते.

ड्रोनचा अभ्यासक्रम वाईटच असतो असं नाही. उडवण्यात, बांधण्यात ज्याला रस आहे त्याने तो जरूर करावा. फक्त उरलेली फी भरण्याआधी मुलाला सोबत घेऊन त्या विद्यापीठात जा आणि त्यालाच प्रश्न विचारू द्या : ऑप्टिक्स कोण शिकवतं, प्रयोगशाळेत सेन्सर उघडून त्याची चाचणी करायला मिळते की तयार किट जोडायचं असतं, मागच्या तुकडीतली मुलं आज काय करतात. तिथे माहितीपत्रक पुढे करून विषय बदलला, तर भरलेली रक्कम परत मागा आणि बीएस्सीच्या प्रवेशाच्या तारखा बघायला लागा.