गोव्यात मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार तिच्या भाषेवरून, गावावरून ठरतो का?

ठरतो. तुम्ही बाळासाठी बाई शोधताय, आणि पर्वरीतला एजंट तुम्हाला म्हणाला की झारखंडची बाई स्वस्त पडेल, इंग्रजी बोलणारी महाग. खरंच सांगितलं त्याने, फक्त त्यामागचं कारण सांगितलं नाही.

मी दोडामार्गची, गोव्यात मुलं सांभाळते. माझी मालवणी पेडणे-डिचोलीच्या माणसांना परकी वाटत नाही, म्हणून म्हापशाकडच्या हिंदू घरांत बाळ पटकन माझ्या हातात देतात. माझ्या ओळखीची बेळगावकडची बाई मराठीच बोलते, पण हेल कानडी. तिला 'घाटी' म्हणतात आणि केर-लादीला लावतात. त्याचे पैसे कमी. घाटाखाली जन्मले, एवढंच माझं जास्तीचं शिक्षण!

आसगाव-शिवोलीच्या बंगल्यांत दिल्ली-मुंबईची कुटुंबं राहायला आलीत. तिथे माझ्या मालवणीला कोण विचारतो? मुलाशी इंग्रजी बोलणारी हवी, ते नाही तर चांगली हिंदी. दार्जिलिंगकडच्या मुलींना तिथे बरे पैसे मिळतात, पण 'ह्या शांत असतात' हे चेहरा बघूनच ठरलेलं असतं. एखादीने उलट उत्तर दिलं की मग आश्चर्य करत बसतात. काही घरांत गाव विचारतात, मग आडनाव, म्हणजे विचारायची असते जातच. हुबळीची एक मुसलमान बाई तर कामाच्या घरी दुसरंच नाव सांगते.

आता झारखंडची स्वस्त का? सिमडेगा, गुमल्याकडून एजंट घेऊन येतो. इथली भाषा येत नाही, राहणं मालकाच्याच घरी, आणि पुष्कळदा पगारही एजंटच्या हातून. शेजारच्या फ्लॅटमध्ये काय देतात हे तिला कळणार कुठून? आम्ही संध्याकाळच्या बसमध्ये एकमेकींचे पगार काढतो, कुठली मॅडम दिवाळीला काय देते तेही. त्या जोरावर दुसऱ्या दिवशी वाढवून मागता येतं. तिला ती बसच नाही.

कायदा फारसा आडवा येत नाही. २०१९ ची वेतन संहिता, म्हणजे केंद्राचा पगाराचा कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात पगारातला स्त्री-पुरुष भेद मना आहे. भाषा, प्रांत, जात यांचं नाव नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठीच्या कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं होतं.

भाषा बघूच नका असं मी म्हणणार नाही. बाळाला ताप आला तर बाईला तुम्हाला फोनवर नीट सांगता आलं पाहिजे. पण त्याला कामापुरती हिंदी पुरते. पगार ठरवा तो तासांवर, बाळाच्या वयावर आणि रात्रीच्या जागरणावर. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात टाका, आठवड्याची सुट्टी आधीच बोलून घ्या. आणि एजंटला तिच्यासमोरच विचारा, तिच्या पगारातून तो दर महिन्याला किती कापतो. टाळाटाळ केली तर दुसरा एजंट बघा.