दोन पेशंटच्या मध्ये एअरोटर नुसता स्पिरिटनं पुसला तर चालतो का?

डेंटलच्या थर्ड इयरच्या पोस्टिंगला सगळे सीनियर असंच करतात, असं तुम्ही लिहिलंय. नाही चालत. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं हवेवर फिरणारं हत्यार, थांबताना तोंडातली लाळ, रक्त आत ओढून घेतो आणि तुम्ही पुसता बाहेरून.

पण ‘सीनियर करतात’ वाचून डोकं सणकलं, म्हणून पुढचं लिहितेय.

माझी इंटर्नशिप. सोलापूरचा एप्रिल, दुपारचे दोन, ग्लोव्हजमध्ये घामाचं पाणी. पेशंट विड्या वळणाऱ्या मावशी, मिश्रीनं दात काळे, खालची दाढ काढायची होती. ब्लॉक, म्हणजे जबडा बधिर करायचं इंजेक्शन, दिला आणि दोन्ही हातांनी सुईला टोपण घालायला गेले. सुई टोपणाच्या कडेवरून घसरली ती डाव्या अंगठ्यात. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका पसरत गेला. सीनियर म्हणाला, "पिळ, स्पिरिट लाव. रजिस्टरला लिहू नको, उगं लफडं." मी पिळलंसुद्धा. (पिळायचं नसतं, साबणपाण्यानं धुवायचं.)

हिपॅटायटिस बीचे दोन डोस झालेले, सहाव्या महिन्याचा तिसरा परीक्षेच्या नादात राहिलेला. लस नसेल आणि पेशंटला हिपॅटायटिस बी असेल तर एका टोचण्यात लागण व्हायची शक्यता ६ ते ३० टक्के, एचआयव्हीची ०.३. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हेच आकडे मी घडाघडा सांगितले होते. एचआयव्हीची औषधं लागलीच तर ७२ तासांच्या आत, म्हणून रिक्षानं सिव्हिल गाठायचं ठरवलं. मावशींकडे तपासायला रक्त मागायची लाज वाटत होती. त्याच म्हणाल्या, "घ्या की ओ बाई, माझं काय जातंय." त्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. माझं टायटर, म्हणजे लसीनं रक्तात तयार झालेल्या संरक्षणाचं माप, मात्र १० च्या खाली निघालं, म्हणजे अपुरं.

तो सीनियर आता इथंच प्रॅक्टिस करतो. लग्नाकार्यात भेटला की म्हणतो, "तुझा निम्मा दिवस ऑटोक्लेव्हपुढंच जातो." जातो! दाबाच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र ते: १२१ डिग्री, १५ पौंड दाब, १५-२० मिनिटं, तीही दाब चढल्यावर मोजायची. भात आहे का तो, शिट्टी झाली की उतरवायला? हा माणूस हत्यारं वीस मिनिटं ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवतो आणि त्याला स्टरलायझेशन म्हणतो. दहा तास लागतात, बाबा.

एकच एअरोटर आणि डोक्यावर पेशंटांचा ठरलेला कोटा, ही तुमची अडचण कळते. तिघांनी मिळून एखादा जादा घ्या, एक तोंडात, एक ऑटोक्लेव्हमध्ये. घेताना १३४ डिग्रीपर्यंत ऑटोक्लेव्ह चालतो असा शिक्का बघा, सगळे टिकत नाहीत. आणि हो, सगळेच सीनियर तसले नसतात. टोपण ट्रेवर ठेवून एका हातानं सुई आत सरकवायची, हे मला शिकवणारीही सीनियरच होती.

तिनंच त्या संध्याकाळी मला परत नेऊन सुई टोचल्याच्या नोंदींचं रजिस्टर उघडायला लावलं. माझ्या आधीची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती.