वाचकांचे प्रश्न : हिडकलला तंबूत रात्र

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन हिडकल जलाशयाकाठी तंबू टाकून राहावं म्हणते. जमेल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : जमेल की! पण आधी धरणाच्या कार्यालयात विचारा. परवानगीशिवाय काठावर तंबू नको. मिळाली तर उंच, खडकाळ जागा धरा. पाणी ओसरलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत मात्र लोण्यासारखा मऊ. माझा नातू गुडघ्यापर्यंत रुतला होता, तेव्हापासून मी मुलांचा हात सोडत नाही. पोहणं तर नकोच.

रात्री पाण्यावरून गार वारा येतो. सासूबाईंना कानटोपी, घोंगडी आणि बसायला घडीची खुर्ची द्या. जमिनीवरून उठताना गुडघे फार दुखतात हो. जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी घरूनच न्या, चूल पेटवू नका.

परवानगी नाही मिळाली तर दिवसभर फिरा, मुक्काम घरी. हिडकलचं धरण ज्या घटप्रभा नदीवर आहे, त्याच नदीवरच्या धुपदाळला थंडीत मुलांना पहाटे न्या. तिथल्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात करकोचे उतरतात. दुर्बीण विसरू नका.