वेंगुर्ले ते तेरेखोल: एकाच मुक्कामाची चार दिवसांची सहल

आपण विचारले आहे की पुण्याहून निघून चार दिवसांत समुद्र, चांगली वाइन, मासळीचे जेवण, थोडा निसर्ग आणि एखादी अस्सल लोककला हे सारे साधेल का, आणि सोबत मालवण, पणजी व कळंगुट अशा तीन मुक्कामांचा आराखडाही दिला आहे. साधेल, पण तीन मुक्कामांत बॅगा भरणे आणि सोडणे एवढेच होईल. माझ्या मते मुक्काम एकच ठेवावा आणि तो वेंगुर्ले ते शिरोडा या पट्ट्यात असावा. सावंतवाडी आणि गोव्याचा पेडणे तालुका येथून जवळ आहेत, आणि आपण मागितलेली प्रत्येक गोष्ट या परिसरात खरोखर नांदते. रेल्वेने आल्यास सावंतवाडी रोड किंवा कुडाळ हे स्थानक सोयीचे. पुण्याहून गाडीने यायचे असल्यास आंबोली घाट दिवसाउजेडी उतरावा.

ठिकाणापेक्षाही आधी तारीख ठरवा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यातील स्वस्त खोल्यांना भुलू नये. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ मला सर्वांत लाभाचा वाटतो. ओले काजूगर बाजारात आलेले असतात, दशावतार या कोकणी लोकनाट्याचे प्रयोग सुरू असतात आणि वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर येण्यास साधारण 45 ते 60 दिवस लागतात. त्यामुळे नेमका दिवस कोणीच महिनाभर आधी सांगू शकत नाही, गावात फोन करून विचारत राहावे लागते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक महिलांचा बचत गट वल्ह्यांच्या होडीतून कांदळवनाची फेरी घडवतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खंड्या अगदी जवळून दिसतो.

आता जेवण आणि वाइन. येथील घरगुती खानावळींत मद्य चालत नाही, आणि ते बरेच आहे, कारण सोलकढीतील कोकमाचा आंबटपणा आणि लसूण यांच्यापुढे कोणतीही वाइन फिकी पडते. दुपारी खानावळीत बांगड्याचे तिखले म्हणजे तिखट कालवण, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, काजूगरांची उसळ आणि सोलकढी असे निवांत जेवावे. वाइन संध्याकाळसाठी राखावी. या किनाऱ्यावर द्राक्षे पिकत नाहीत, तेव्हा बाटली बहुधा नाशिकचीच असेल. रवा लावून तळलेल्या सुरमईबरोबर थंडगार सोविन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन उत्तम जाते. तिरफळ आणि लाल मिरची घातलेल्या तिखल्याला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, तीही पांढरीच, सांभाळून घेते. रेड वाइन मात्र झणझणीत मासळीबरोबर तुरट आणि कडवट लागते. कोंबडी-वड्यांचा बेत असेल तर शिराझ ही रेड वाइन चालेल. गोव्यातील पोर्ट वाइन गोड असते; ती जेवणाबरोबर न घेता नंतर बेबिंका या गोव्याच्या थरांच्या मिठाईच्या तुकड्यासोबत घ्यावी. मार्चमध्ये गेलात तर हुर्राक चुकवू नका. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचे ते पहिले ऊर्ध्वपातन, आणि त्यापुढची फेणी. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

वाइनची संध्याकाळ मी तेरेखोलला घालवीन. हे गाव तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्याचे आहे, म्हणून शिरोड्याहून रेडीमार्गे नदी न ओलांडता तेथे जाता येते. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि 1954 मध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. वाहन चालवणाऱ्याने त्या संध्याकाळी लिंबूसरबतावर समाधान मानावे. उरलेली बाटली मात्र गोव्यातून महाराष्ट्रात आणू नये. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे आणि उत्पादन शुल्क विभागाची तपासणी नेहमीच असते. महाराष्ट्रात पिण्यासाठी लागणारा एक दिवसाचा परवाना मद्याच्या अधिकृत दुकानात मिळतो.

संस्कृतीसाठी सावंतवाडीचा राजवाडा, तेथील गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते आणि लाकडी खेळणी हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आरवलीच्या वेतोबा या ग्रामदैवताच्या देवळात नवसाचे केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा दिसतील. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो अशी श्रद्धा असल्याने, वहाणांचे झिजलेले तळ भाविक आवर्जून दाखवतात.

परंतु एकच गोष्ट निवडायची झाली तर मी दशावतार निवडीन. मोचेमाडकर, वालावलकर यांसारखी मंडळे कोणत्या गावी आहेत ते मुक्कामाच्या यजमानांना आधीच विचारून ठेवावे. जत्रेतला प्रयोग रात्री उशिरा, पायपेटी आणि मृदंगाच्या साथीने सुरू होतो. आधी काळ्या वेशातला संकासुर हे विनोदी पात्र येते आणि मालवणीत सर्वांची फिरकी घेते; मग आख्यान म्हणजे मुख्य पौराणिक कथा लागते, ज्याचे संवाद लिहिलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे रचतात. खेळ पहाटेपर्यंत चालतो, म्हणून अंगावर शाल आणि खाली घालायला सतरंजी न्यावी आणि पुढच्या दिवशी परतीचा प्रवास मुळीच ठेवू नये.