फी घेण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

विशेष मुलांची बालवाडी काढतेस आणि विचारतेस काय, तर भिंतींचा रंग! कुठलाही फिका दे, पण चित्रांनी भरून टाकू नकोस. त्याआधी आवाज ऐक. घुमणारी खोली आणि शेजारी पिठाची गिरणी असेल, तर एखादं स्वमग्न मूल कानांवर हात दाबून कोपरा धरेल आणि तुझ्या मावशी त्याला हट्टी म्हणतील.

आता पैशांचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वयाचा, तोही 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर. तुझ्याकडची मुलं तीन ते सहाची. शिकवलेलं सगळ्यांत जास्त लागू पडतं त्याच वर्षांत आईबापांना खिशात हात घालावा लागतो, आणि घाबरलेला बाप ‘सहा महिन्यांत बोलायला लागेल’ म्हणणाऱ्याला मागेल ती फी देतो. हे वाक्य तुझ्या तोंडी नको, माहितीपत्रकात तर नकोच.

प्रवेशाला आले की फुकटचं आधी सांग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणीला पैसे पडत नाहीत. मूल बोलत नाही म्हणून आलं असेल तर ऐकू येतं का ते तपासणारी बेरा चाचणी झाली का ते विचार. ऐकूच येत नसेल तर तू काय शिकवणार? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर सरकारच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज भरून दे. वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. हे सांगितल्यावर काही जण फिरून येणार नाहीत. न येवोत.

शिक्षिका घेताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहा. हौस पुरत नाही.

आणि उद्दिष्टांत ‘स्वावलंबन’ असलं भारदस्त काही लिहू नकोस. डब्याचं झाकण लिही. आधी तू जवळजवळ पूर्ण उघडून दे, शेवटचा झटका मुलाचा. तो जमला की अर्धं सैल कर, मग पाव. एखाद्याला यात शाळेचं अख्खं सत्र जाईल. त्याच्या आईला तेच झाकण घरीही तसंच उघडायला लावायला शिकव, नाहीतर ती मायेनं उघडून देईल आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

भाडेकरारावर सही करण्याआधी संडासाचा फोटो पाठव. दार किती रुंद आहे तेही मोजून कळव, व्हीलचेअर आत वळायला हवी.

तुझी,
बाई