निवेदनानं मुदत थांबत नाही

तुमच्या चार पानी पत्रातली सगळ्यात कामाची ओळ सहीच्या खाली आहे: 'ता. क. रात्रीच्या केसपेपरची दीडशे रुपयांची पावती ताईनं जपून ठेवली आहे, फोटो जोडला आहे.' ती वाचल्यावर मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

अशी पत्रं मला दरवर्षी येतात. कधी साप असतो, कधी विंचू, कधी नुसता ताप. मूल कातकरी, ठाकर नाहीतर पालावरचं असतं आणि दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवलेलं असतं. तुमचा भाचा सहा वर्षांचा होता. ऑक्टोबरात भाताचे भारे उचलताना त्याला विंचू चावला. ट्रस्टच्या रुग्णालयात आधी पंधरा हजार डिपॉझिट मागितलं, 'तुम्हा कातकऱ्यांचं हे नेहमीचंच, मरायला टेकल्यावर आणता' असं ऐकवलं आणि शेवटी 'सरकारीत न्या' म्हणून सांगितलं. गाडी दिली नाही. १८ ऑक्टोबरच्या पहाटे उपजिल्हा रुग्णालयात मूल गेलं. या ऑक्टोबरात त्याला दोन वर्षं होतील, आणि तुमचं पत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर आलं आहे.

तुमचे पाच प्रश्न आहेत. पण आज सोडवायचा आहे तो सहावा, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावी लागते. या दोन वर्षांत तुम्ही तहसीलदारांना, आदिवासी प्रकल्प कार्यालयाला, आमदारांना आणि एका मंत्र्यांना मिळून अकरा निवेदनं दिलीत, प्रत्येकाची पोचही घेतलीत. मला राग येतो तो इथे. निवेदनानं मुदत एका दिवसानंही थांबत नाही. 'चौकशी सुरू आहे' या उत्तरानंही थांबत नाही. पोचपावत्यांची ती फाइल तक्रारीला जोडा, पण तिच्यामुळे मुदत वाढेल असं समजू नका.

उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. पुरेसं कारण दाखवलं आणि ग्राहक आयोगाला, म्हणजे ही तक्रार ऐकणाऱ्या न्यायपीठाला, पटलं तर. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर ताई आणि भावजी वीटभट्टीवर गेले, मे अखेर परतले, हे कारण खरं आहे आणि मी ते मांडीनही. पण उशीर माफीच्या अर्जावरच दोन-तीन वर्षं झुलणारी प्रकरणं मी पाहिली आहेत. समोरचा वकील त्या अर्जाला हरकत घेतो, तारखा पडतात आणि मुलाचा विषय बाजूलाच राहतो. म्हणून घटना १७ तारखेच्या रात्रीची धरायची आणि तक्रार ऑक्टोबर उजाडायच्या आत लावायची. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. ऑनलाइन दाखल करताना एखादं पान नीट दिसलं नाही तरी त्रुटी काढतात.

तक्रारदार तुम्ही नाही. मामाच्या नावानं लावलेली तक्रार पहिल्याच तारखेला अडकेल. आई-वडिलांच्या नावानं, त्यांच्या सही-अंगठ्यानिशी प्रतिज्ञापत्र करा. धावपळीसाठी ते तुम्हाला अधिकारपत्र देऊ शकतात. दिवाळीनंतर भट्टीचा मुकादम उचल घेऊन दारात येईल, त्याआधी हे उरकलं पाहिजे. राहत्या जिल्ह्यात तक्रार लावता येते, म्हणजे अलिबागला. शुल्क लागणार नाही, कारण ते रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरतं आणि तुम्ही दिलेत दीडशे. वकिलाच्या फीची काळजी नको. अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. पुढच्या सोमवारी अलिबागला जा.

आता ती पावती. फोटोत वेळ दिसते: रात्री १०.१४. हा थर्मल कागद आहे, त्यावरची छपाई उन्हानं, उबेनं उडते. दोन वर्षं टिकली हेच नशीब. आजच तिच्या चार झेरॉक्स काढा आणि मूळ पावती कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा देव्हाऱ्यात दिव्याजवळ नको. उपजिल्हा रुग्णालयाच्या नोंदीत मूल आल्याची वेळ तुम्ही १२.५० सांगता. ती नोंद लेखी मिळवा. तिथे मूल दाखल झालं होतं, त्यामुळे पूर्ण केसपेपर मागता येतो. मागितल्यावर ७२ तासांत द्यावा, असं डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवण्याचं बंधनही त्यातच आहे. ट्रस्टच्या रुग्णालयात मात्र मुलाला दाखलच केलं नाही, तेव्हा तिथले कागद शिल्लक असतील की नाही, कोण जाणे. तरीही मागा, रजिस्टर पोस्टानं. त्यांनी दिले नाहीत तर तेही आयोगासमोर सांगता येतं.

दोन वेळांमध्ये दोन तास छत्तीस मिनिटं आहेत. रस्ता चाळीस मिनिटांचा. उरलेले जवळपास दोन तास मूल त्या इमारतीत होतं. त्या वेळात त्याला काय दिलं, हे त्यांनी सांगायचं आहे. तुमची केस एवढ्यावर उभी आहे.

लाल विंचवाच्या दंशात लहान मुलाचं हृदय आणि फुप्फुसं काही तासांत बिघडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. रायगडातल्या कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागाला, ही गोळी माहीत नव्हती, असं कोणी म्हणू शकणार नाही. गोळी वेळेवर दिली असती तर मूल वाचलंच असतं का? ते मी सांगू शकत नाही. त्यासाठी एखाद्या बालरोगतज्ज्ञाचं मत लागेल आणि नुकसानभरपाईचा आकडा त्यावर हलेल. पण उपचार सुरूच केले नाहीत, हा दोष दाखवायला तज्ज्ञ लागत नाही.

पत्रात एक गोष्ट तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकली आहे: आधी तासभर भगताकडे नेलं होतं. ती तक्रारीत स्पष्ट लिहा. समोरच्यानं ती उलटतपासणीत काढली तर पावतीवरचाही विश्वास उडेल. तासभर तुमचा गेला, दोन तास त्यांचे गेले, असं आपणच आधी सांगायचं.

'आम्ही फुकटातले, आम्ही ग्राहक कसे?' हा तुमचा तिसरा प्रश्न. काही रुग्णांकडून पैसे घेऊन गरिबांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेणाराही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच ठरवलं आहे. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय त्यात येत नाही, म्हणून उपजिल्हा रुग्णालयाला प्रतिवादी करण्याचा आग्रह सोडा. ट्रस्टच्या रुग्णालयावर धर्मादाय योजनेचंही बंधन आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली उच्च न्यायालयानं मंजूर केलेली ही योजना सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करायचं, डिपॉझिट मागायचं नाही, स्थिर झाल्यावर गरज असेल तर सरकारी रुग्णालयात पोचवण्याची सोय त्यांनीच करायची. पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे. योजना त्यांना लागू आहे का, ते सहायक धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून खात्री करून घ्या. कोलकात्यात पंधरा हजार रुपये भरले नाहीत म्हणून अपघातातल्या विद्यार्थ्यावरचे उपचार अर्धवट थांबवले होते. त्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००५ मध्ये दहा लाखांची भरपाई दिली. तुम्हाला तेवढी मिळेल, असं मी म्हणत नाही.

अॅट्रॉसिटीचं काय? तुम्हाला खरं तर तेच हवं आहे, आणि का हवं आहे ते मला कळतं. जातीवरून अपमान, तोही चारचौघांत, हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत असल्यानं फौजदारी मुदतीची अडचण येत नाही. म्हणूनच तो आधी नाही, नंतर. कॅज्युअल्टीत त्या वेळी बाहेरची माणसं होती का, कोणी ते वाक्य ऐकलं का, यावर सगळं अवलंबून राहील. रुग्णालयात येण्यास अडवणं हा वेगळा गुन्हा आहे, पण तुम्हाला आत घेऊन बसवून ठेवलं, त्यामुळे तो लागू होईल का याची मला शंका आहे. जातीचा दाखला नसेल तर आत्ताच काढायला टाका. दोन्ही प्रकरणं बरोबर चालू शकतात.

तुम्ही एक कात्रणही जोडलं आहे. अमेरिकेतल्या २०१५ च्या अभ्यासाचं: अपेंडिक्सच्या दुखण्यानं इमर्जन्सीत आलेल्या मुलांमध्ये, दुखणं तितकंच तीव्र असताना, काळ्या मुलांना अफूवर्गातलं वेदनाशामक गोऱ्या मुलांपेक्षा बरंच कमी वेळा मिळालं. 'हे कोर्टात मांडू का?' नका मांडू. सरासरीवरून एका मुलाचा दावा सिद्ध होत नाही. तिथल्याही सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये, हेतू न दाखवता नुसत्या विषम परिणामावर, नागरी हक्क कायद्याच्या सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना लागू असलेल्या भागाखाली खासगी दावा लावण्याची वाट बंद केली. आपल्या तक्रारीत त्या डॉक्टरांच्या मनात काय होतं हे सिद्ध करावंच लागत नाही, हा मोठा फायदा आहे. तो घालवू नका. जातीवरचं वाक्य तक्रारीत जसंच्या तसं, एकदाच, अवतरणात घाला.

नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. तुम्ही तीन वर्षं धरा.

सोमवारी जाताना ताईला बरोबर न्या. मूळ पावती तिच्याच हातात असू द्या. अकरा पोचा, मृत्यूचा दाखला आणि दोघांची आधार कार्डं विसरू नका.