साखर खिशात आणि दुकानदार रुसलेला

प्रश्न: दादा, माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, नवीन गेम चालत नाहीत म्हणून मित्राच्या सांगण्यावरून मॉरोविंड नावाचा जुना गेम टाकला. एका गुहेतल्या स्मगलरांना मारून मून शुगरच्या पुड्या आणि स्कूमाच्या दोन बाटल्या मिळाल्या, म्हटलं आता पैसेच पैसे. पण गेममधल्या बाल्मोरा गावात कुणी विकतच घेईना, उलट माझ्याशी व्यवहारच बंद, साध्या तलवारी पण घेत नाहीत. मी कुणाची चोरी केलेली नाही, तरी असं का? सुरुवातीला पैसा करायचा तरी कसा?
— एक वाचक, सांगली

सांगलीचा माणूस आणि साखर खपत नाही म्हणतोय, कमाल आहे.

अरे, तुझी सेव्ह फाइल बिघडलेली नाही, गेम असाच आहे. मून शुगर आणि तिच्यापासून बनणारा स्कूमा, दोन्ही नशेचे पदार्थ, तिथे बेकायदा. तुझ्या सामानात त्यातलं काहीही असलं, एक पुडी का असेना, की बहुतेक दुकानदार हात वर करतात. तू काय विकायला आलायस याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, माल अंगावर आहे एवढंच ते बघतात. म्हणून तलवारी पण अडकल्या. उपाय इतका बावळट आहे की सांगायला लाज वाटते: माल दुकानाच्या दाराबाहेर जमिनीवर टाक, आत जा, काय विकायचं ते विक, बाहेर येऊन माल उचल. रस्त्यावरचा एकही माणूस त्याला हात लावत नाही. शिपाई पण झडती वगैरे घेत नाहीत, त्यांच्या शेजारून खिसे भरून चालत गेलास तरी चालतं, घाबरू नकोस.

आता साखर घेणार कोण, तर खजीत, म्हणजे ती मांजरतोंडी जमात. त्यांच्या मुलखात हा रोजच्या खाण्यातला पदार्थ, त्यामुळे खजीत व्यापारी हरकत घेत नाहीत. बाल्मोरातच रा'विर नावाचा एक आहे, त्याच्याकडे जा. मून शुगरची मूळ किंमत गेममधल्या पैशात ५० आणि वजन फक्त ०.१, स्कूमाची बाटली ५०० ची. तुझी उचलायची ताकद म्हणजे पात्राची स्ट्रेंग्थ गुणिले ५, म्हणजे स्ट्रेंग्थ ४० असेल तर २०० वजन, त्यात साखर किती मावेल हिशेब कर. पूर्ण किंमत मात्र मिळत नाही, मर्कंटाइल, म्हणजे तुझं भाव करण्याचं कौशल्य, कमी असलं की तो कापणारच, आणि त्याच्या गल्ल्यात असेल तेवढंच तो देणार. गल्ला रिकामा झाला तर उरलेल्या पैशात त्याच्याकडचंच काहीतरी घे, औषधं, बाण, काहीही, बार्टर म्हणजे तेच. नाहीतर २४ तास वेट कर, गल्ला परत भरतो.

पण खरं सांगू का, साखरेच्या मागे लागू नकोस. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा बिटर कोस्टवरच्या गुहा पालथ्या घातल्या, त्या किनाऱ्याला स्मगलर्स कोस्टच म्हणतात, आणि तीन संध्याकाळी घालवून हाती आलं ते एका चांगल्या चिलखताच्या पण किमतीचं नव्हतं. पैसा होता तो मी गुहेतच टाकून आलो होतो! म्हणजे स्मगलरांच्या अंगावरची चिटिनची (किड्यांच्या कवचाची) चिलखतं, लोखंडी तलवारी, भाले, जड असतात म्हणून आपण सोडतो. ती गोळा कर, बाल्मोराच्या मेजेस गिल्डमधून, म्हणजे जादूगारांच्या संघातून, काल्डेरा गावाला टेलिपोर्ट मार (थोडे पैसे लागतात, चालत पण जाता येतं) आणि तिथे घोराक मॅनर नावाचं ऑर्क लोकांचं घर शोध. ऑर्क काही करत नाहीत, मुकाट वर जा. वर क्रीपर नावाचा एक बुटका स्कँप उभा असतो, राक्षसच म्हण, पण व्यापार करतो. गल्ल्यात ५००० आणि भाव पुरेपूर, घासाघीस नाही, काही नाही. चोरावर मोर व्हायचं ते असं.

आणि गेमच्या मुख्य कथेत सुरुवातीला ज्याच्याकडे पाठवतात त्या केयस कोसाडेसचं काम घेतलंच असशील, तो उघडाबंब म्हातारा, तो सुरुवातीला २०० देतो. त्याच्या खोलीत नीट बघ, स्कूमाची चिलीम पडलेली असते, साहेब स्वतःच साखरेचे गिऱ्हाईक. तो तुला ज्याच्याकडे पाठवतो तो हस्फात एक पझल बॉक्स आणायला सांगतो आर्कंगथांड नावाच्या जुन्या अवशेषांमधून, तिथे दार बंद दिसलं तर परत फिरू नकोस, जवळच पाइपवर एक क्रँक आहे तो फिरव. आत स्मगलरच राहतात आणि ड्वेमर नावाच्या लोप पावलेल्या जमातीचा माल पडलेला असतो, वाट्या, पेले, नाणी. एकेका नाण्याची किंमत ५०. कायद्याने तो सगळा बादशहाचा, विकणं गुन्हा, पण दुकानदार बिनधास्त घेतात, साखरेवर नाक मुरडणारेच हे दुकानदार बरं का. कायदा कुठला पाळायचा ते आधी ठरलेलं असतं तिथे.

प्रश्न: मुलगा बारावीत आहे. परवा फोनवर मित्राला सांगत होता की साखर खजीतला विकली, स्कूमा ठेवलाय. मला धडकीच भरली. नंतर म्हणाला गेम आहे. खरंच गेम आहे का हो?
— एक आई, अबुधाबी

हो ताई, गेमच आहे, २००२ सालचा, वरच्या उत्तरात त्याचीच चर्चा चाललीय. अमेरिकेत त्याला टीन रेटिंग आहे, म्हणजे १३ च्या पुढे. गेममधली साखर नशेचीच आहे, ते मी लपवत नाही, पण तिचं कौतुक फारसं नाही, स्कूमा प्यायला की पात्राची ताकद आणि वेग वाढतो आणि बुद्धी घटते, तेही थोडा वेळच. बारावीचा अभ्यास कुठे चाललाय ते मात्र विचारा, कारण हा गेम शंभर तास सहज खातो, आणि त्याला सांगा की स्कूमा ठेवून काही उपयोग नाही, विकून टाक.

प्रश्न: क्रीपरला विकणं म्हणजे चीटिंग नाही का? मित्र चिडवतात.
— एक वाचक, नाशिक

गेम बनवणाऱ्यांनीच तो तिथे उभा केलाय, कोड टाकून आणलेला नाही. तरी मन खात असेल तर बाल्मोरात नाल्कार्या नावाची अल्केमिस्ट आहे, तिच्याकडे ३००० असतात, वनस्पती गोळा करून औषधं बनव आणि तिला विक. मी दोन्ही करतो. मित्रांना सांग आधी सेडा नीन या सुरुवातीच्या गावात फारगोथ नावाच्या गावकऱ्याचं झाडाच्या बुंध्यातलं ३०० चं गाठोडं कुणी ढापलं नाही त्याने हात वर करावा.